कोरडा कुंचला आणि तीन सेलांचा रेडिओ

सतरा ऑगस्ट. आजचं काम: नवा रेडिओ चालू करणे. मागच्या पावसात नागोठण्याला पाणी भरलं तेव्हा इकडे पेणलाही दोन दिवस वीज नव्हती आणि मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मुलाने हा मागवला. त्याला बाजूला एक दांडा आहे. तो गरागरा फिरवला की सेल नसतानाही चालतो म्हणे. टॉर्च आहे, भोंगा आहे, मोबाईल चार्ज करायची सोय आहे. स्टेशन तेवढं लागत नाही. सकाळपासून मी तो हातात घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात खरखर, जिन्यात खरखर, गच्चीवर शेजाऱ्यांच्या कुत्र्याने भुंकून हाकललं. शेवटी कारखान्यात पूर्वेच्या खिडकीपाशी, तीन फुटी मूर्तीच्या बाजूला ठेवला आणि लगेच एक बाई स्वच्छ आवाजात बोलायला लागली. मला नवल वाटलं नाही. त्या खिडकीची आणि माझी जुनी ओळख आहे. मूर्तीच्या पोटात मात्र तो ठेवला नाही. एकदा ठेवून झालंय.

आमचा गणपतीचा कारखाना माझ्या पोरवयातही इथेच होता. पुढे कारखाना, मागे घर, मध्ये एक पडदा, तोही रंगाने इतका कडक झालेला की त्याला दार म्हटलं तरी चाललं असतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, मूर्तींचे डोळे काढत. साचा, घासकाम, रंग यांना माणसं होती, पण डोळ्यांची आखणी फक्त आप्पांची. त्यांची धाकटी बहीण, बनीआत्या, मुकुट आणि दागिने रंगवायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती हातात कुंचला घेऊनच, असं आई म्हणायची. आई स्वतः पोह्यांचे मिरगुंड करून विकायची, आणि मी दहावी होऊन घरात सगळ्यांच्या हाताखाली होते. श्रावण लागला की आमच्याकडे मासे बंद. शेजारच्या हमीदचाचांच्या घरून तळलेल्या बोंबलांचा वास यायचा, तो मात्र बंद करता येत नव्हता. आप्पा म्हणायचे, "वास घेतल्याने उपास मोडत नाय," आणि त्या वेळेला नेमके खिडकीपाशी कामाला बसायचे.

रेडिओ आला तो चाचांकडूनच. त्यांचा मुलगा आखाती देशात होता, तो येताना दोन रेडिओ घेऊन आला. एक चाचांनी आम्हाला दिला, त्या बदल्यात आईने त्यांच्या घरी वर्षभराचे मिरगुंड पोचवायचे ठरले. काळा, वर चंदेरी पट्टी, उचलायला कडी, आणि पाठीत तीन जाडे सेल. घरातला पहिलाच रेडिओ, त्यामुळे तो कुठे ठेवायचा यावर दोन दिवस मसलत झाली. आप्पांनी फडताळावर ठेवला, तिथे अरबी लागलं. आईने पिठाच्या डब्यावर ठेवला, तिथे काहीच लागलं नाही. कुणीतरी सांगितलं की एरियलला तार बांधून ती तांब्याच्या हंड्याला लावा. लावली. मुंबईचं स्टेशन लागलं, पण हंड्यातलं पाणी काढायला कुणी तांब्या बुडवला की निवेदकाचा आवाज बसायचा. आंघोळ आणि बातम्या एका वेळी होईनात. मग बनीआत्याने तो उचलला आणि कारखान्यात एकेका मूर्तीपाशी नेऊन बघितला. पूर्वेच्या खिडकीत तो बोलला.

तिथे एकच अडचण होती. रंगाच्या मशीनचा फवारा आणि प्लास्टरची भुकटी. चार दिवसांत रेडिओची चंदेरी पट्टी गुलाबी झाली. म्हणून आत्याने तोड काढली. मोठी मूर्ती आतून पोकळ असते. तिच्या पाठीमागच्या लोडाला हात जाईल एवढं भोक आम्ही ठेवतो, आतून काथ्या आणि प्लास्टर लावून सांधे पक्के करायला. मूर्ती जायच्या आधी ते भोक बुजवायचं आणि वर रंग मारायचा. आत्याने खिडकीतल्या मूर्तीच्या भोकातून रेडिओ आत सरकवला. भुकटी लागेना, आणि फायदा असा की पोटात आवाज घुमून दुप्पट मोठा झाला. आत्याला एका कानाने कमी ऐकू यायचं, तिला तर सण झाला. "बघ गो कुंदे," ती म्हणाली, "गजाननाने स्वतः जागा दिलीन." एक नियम तिने घालून दिला: बटण बंद करायचं नाही. बंद करताना काटा हलला तर? दुपारी स्टेशन झोपायचं आणि संध्याकाळी परत उठायचं, तेवढा वेळ रेडिओ नुसता फुसफुसत पडायचा. सेल लवकर उतरायचे. मग ते मिरगुंडांच्या शेजारी उन्हात वाळत घालायचे. एकदा आईने सेल उलटले नाहीत म्हणून मला बोलणी बसली, एका बाजूनेच वाळले म्हणे.

संध्याकाळी श्रोत्यांच्या पत्रांचा एक कार्यक्रम लागायचा. बायका आपल्या घरातल्या गमती लिहून पाठवायच्या आणि निवेदिका त्या वाचायची. माझं नाव रेडिओवर यावं असं माझ्या मनाने घेतलं. मिरगुंडांची कृती पाठवली, वाचली नाही. कार्यक्रमाची स्तुती पाठवली, तीही नाही. स्तुती सगळेच पाठवत असणार. मग मी विचार केला, गंमत मागतायत तर गंमत देऊ. आणि दामुअण्णांवर लिहिलं.

दामुअण्णांची रोह्याला भातगिरणी होती. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी तीन फुटी मूर्ती, वर त्यांच्या ओळखीने रोह्यातली आणखी पंधरा-वीस घरं. माणूस चांगला, पण डोळ्यांच्या बाबतीत वेडा. चतुर्थीच्या आधी चार वेळा पेणला यायचा. "आप्पा, नजर जरा कडक वाटते." पुढच्या खेपेला, "आप्पा, आता फारच मवाळ झाली." मग, "डावा डोळा माझ्याकडे बघत नाय." एकदा आखलेला डोळा पुन्हा काढायला गेलं तर बिघडतो, हे आप्पांना माहीत. म्हणून ते गंभीर चेहऱ्याने बारीक कुंचला घ्यायचे, अण्णांना म्हणायचे, "जरा तिकडे तोंड करा, डोळे काढताना बघू नये," आणि कोरडाच कुंचला हवेत तीन वेळा फिरवायचे. "आता बघा." अण्णा वळायचे, दोन पावलं मागे जायचे, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "व्वा! आता बोलेल की काय असं वाटतं."

हे सगळं मी पत्रात लिहिलं. कोरड्या कुंचल्यासकट. शहाणपणा एवढाच केला की रोह्याच्या जागी कोलाड लिहिलं आणि नाव गाळलं. माझं नाव मात्र पूर्ण लिहिलं, कारण खटपट त्याच्यासाठीच होती. पंधरा दिवसांनी कार्ड आलं: आपलं पत्र अमुक दिवशी संध्याकाळी वाचू. मी आनंदाने गल्लीभर सांगत सुटले. पत्रात काय आहे ते विचारलं की म्हणायची, "ऐका ना तेव्हा." आप्पासुद्धा कौतुकाने हसले. त्यांना वाटलं मिरगुंड.

तो दिवस चतुर्थीच्या दोन दिवस आधीचा. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आणि आत्या मागे जेवायला बसलो होतो, अळूची भाजी आणि भात. बाहेर टेम्पोचा आवाज आला, कंप्रेसर चालू होता, आप्पा ओरडत होते, रोजचाच गोंधळ. जेवून, भांडी घासून, चार वाजता मी पुढे आले तर खिडकीपाशी रिकामा पाट.

"आप्पा, इथली मूर्ती?"

"गेली. दामुअण्णा दुपारी टेम्पो घेऊनच आले, आजच पाहिजे म्हणून. भोक बुजवलं, सोनेरी मारलं, दिली. वाळेल रोह्यापर्यंत."

"भोकात बघितलंत काय?"

"भोकात काय बघायचं?" आप्पा म्हणाले. बरोबरच होतं. तीस वर्षं माणूस भोकं बुजवतोय, असल्या गडबडीत त्याला आतला रेडिओ कुठला आठवायला? आणि दुपारची वेळ, स्टेशन झोपलेलं, रेडिओची फुसफुस कंप्रेसरच्या आवाजात कुणाला ऐकू येणार!

सहा वाजून गेल्यावर दामुअण्णांच्या घरात, दामुअण्णांच्या गणपतीच्या पोटातून, दामुअण्णांचीच गंमत वाचली जाणार होती. ते गिऱ्हाईक तुटलं की रोह्यातली वीस घरं तुटली. आणि आप्पांचा हात कोरडा असतो हे जगजाहीर झालं की बाकीची राहतील कशाला? आत्याचं दुःख वेगळंच होतं. "आता तुझं नाव कसं गो ऐकायचं? चल, गाडी हाय आता. सहाच्या आत पोचू." ती ऐकायला निघाली होती, मी बंद पाडायला. दोघींचं तिकीट एकच. मी निघताना पिशवीत एक करवतीचं पातं, मूठभर प्लास्टर आणि आप्पांचा बारीक कुंचला टाकला. विचारून नाही.

पेणहून रोह्याला पॅसेंजरने तासाभराचं काम. नागोठण्यापर्यंत गाडी ठीक गेली. निडीला थांबली ती थांबलीच. समोरून मालगाडी यायची होती. प्लॅटफॉर्मवर एक बाई काकड्या विकत होती. आत्याने काकडी घेतली, मीठ मागून घेतलं, सावकाश खाल्ली आणि म्हणाली, "तुझा चेहरा का गो असा? नाव येणार म्हणून भ्यायलीस?" मी घड्याळाकडे बघत होते. आजही निडी स्टेशन आलं की मी घड्याळ बघते, आणि गाडी तिथे आजही थांबते.

अण्णांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग. आत वीसेक माणसं भिंतीला चिकटून उभी, मध्ये मखरात गणपती, आणि गणपतीपुढे वाटीत दूध. अण्णा हात जोडून उभे. त्यांची बायको शांताकाकी शांतपणे सुपारी कातरत होती. आम्हाला बघून अण्णा कुजबुजले, "आप्पांनी पाठवलं काय? बरं झालं. पुढे येऊ नका. पोटात नाग हाय."

"काय हाय?" आत्याने ओरडून विचारलं.

"नाग! दुपारपासून फुसफुसतोय. कान लावून बघितला मी. गणपतीच्या पोटाला नाग असतो तो शास्त्रात हाय, पण खरोखरचा माझ्याच घरी आला. त्याला काही करायचं नाय. दूध ठेवलंय."

एक म्हातारा म्हणाला, "पण पिणार कसा? बाहेर यायला वाट कुठाय?" त्यावर दोन बाजू पडल्या. मी पुढे झाले आणि म्हणाले, "अण्णा, मी बघते. मागून जरासं कापते." पिशवीतून पातं काढलं आणि नेमका त्याच क्षणी गणपतीच्या पोटातून स्टेशनची सनई वाजायला लागली.

चार माणसं अंगणात पळाली. एका बाईने तिथेच लोटांगण घातलं. अण्णा मटकन पाटावर बसले. सनई संपली आणि एक पुरुष घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, "सादर करीत आहोत, आजचे बाजारभाव." मग त्याने कांद्याचा भाव सांगितला. लोटांगण घातलेली बाई मान वर करून ऐकायला लागली.

"अवो रेडिओ हाय आमचा!" आत्या म्हणाली. "ठेवला होता, राहिला. आमच्या कुंदाचं पत्र वाचणारेत आज. म्हणून धावत आलो."

मी घाईने म्हणाले, "अण्णा, आधी काढते मी तो. देवाच्या पोटात बरं दिसत नाही. दोन मिनिटांचं काम." आणि पातं लोडाला लावलं.

"थांब गो," शांताकाकी म्हणाली. अडकित्ता खाली ठेवून ती उठली. "दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला देवाला लोखंड लावायचं नाय. सकाळी काढ. आता बस. चहा घे. तुझं पत्र ऐकू."

असा काही नियम असल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही ऐकलं नाही. पण घर तिचं, देव तिचा. मी बसले. मला चहा दिला, बरोबर पोह्यांचा चिवडा. पळालेले चौघे परत येऊन पुढच्या रांगेत बसले. बातम्या झाल्या, शेतीविषयक सल्ला झाला, तुडतुड्यांवर काय फवारायचं ते गणपतीने सविस्तर सांगितलं. मी मनातल्या मनात सेल उतरू देत म्हणून त्याच गणपतीला विनवत होते. पण सेल आदल्याच दिवशी मी स्वतः दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवले होते.

मग निवेदिका आली. "पेणहून आपली एक मैत्रीण लिहिते," आणि माझं नाव. पूर्ण, आडनावासकट. आत्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चिवडा नाकात गेला. नाव ऐकायचा आनंद म्हणतात तो मला एवढाच मिळाला. पुढे त्या बाईने एकेक शब्द चवीने वाचला. नजर कडक, नजर मवाळ, डावा डोळा बघत नाही. लोक गणपतीकडे बघायचं सोडून अण्णांकडे बघायला लागले. आत्याच्या चांगल्या कानातही ते शिरलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला. "आणि आप्पा काय करतात ठाऊक आहे?" निवेदिकेने हसू दाबत वाचलं, "कोरडाच कुंचला हवेत तीन वेळा फिरवतात!"

अण्णांचा चेहरा लाल झाला, गाल थरथरले, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"साडू!" ते ओरडले. "आमचा कोलाडचा साडू! अगं, तुमच्याकडूनच नेतो ना तो दीड फुटी? तोच! डिट्टो तोच! असला किरकिऱ्या माणूस हाय! लग्नात भाताला नावं ठेवली होतीन त्याने!" ते हसत हसत खोकायला लागले. "कोरडा कुंचला! आप्पा वस्ताद हाय. अरे, ज्याला डोळ्यातलं काय कळत नाय त्याला कोरडाच दाखवायचा! आमचं वेगळं. आम्हाला कळतं म्हणून आप्पा आमच्यासाठी रंग घेतो."

"घेतात ना," मी म्हणाले.

खोलीतली एकोणीस माणसं जमिनीकडे बघत होती. शांताकाकी सुपारी कातरत होती. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. मला तेव्हा कळलं की काही बायका लोखंडाचे नियम का आणि कधी काढतात.

परतीची गाडी नव्हती, रात्री तिथेच राहिलो. अण्णांनी रेडिओ रात्री उशिरा कार्यक्रम संपेपर्यंत ऐकला. पोटात आवाज फार चांगला येतो, ठेवूनच घ्यावा की काय, असंही म्हणून बघितलं. काकीने डोळे वटारले.

सकाळी उठून आंघोळ केली आणि कामाला लागले. लोडाचं बुजवलेलं भोक पात्याने कापून उघडलं, आत हात घातला आणि रेडिओ बाहेर ओढला. तो अजून बोलत होता. तो आत्याच्या हातात दिला, तिने काटा हलू नये म्हणून तो लहान मुलासारखा धरला. मी प्लास्टर कालवून भोक भरलं, घासलं; पाठ मखरात लपणार होती, रंगाशिवाय भागलं. एवढ्यात अण्णा आले. दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली, परत पुढे आले.

"कुंदा, आता आलीच आहेस तर. डावा डोळा जरा..."

"माझ्याकडे बघत नाय, असंच ना?"

"तुला कसं कळलं? आप्पांची पोर शोभतेस!" मग आत बघून ओरडले, "अगो, कुंचल्याला वाटीत पाणी आण!"

काकीने पाण्याची वाटी आणून माझ्याशेजारी ठेवली आणि तिथेच उभी राहिली. मी पिशवीतून आप्पांचा बारीक कुंचला काढला. "अण्णा, जरा तिकडे तोंड करा. डोळे काढताना बघू नये." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी हवेत तीन वेळा कुंचला फिरवला. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते.

"आता बघा."

ते वळले. बराच वेळ बघत राहिले. "व्वा," ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले. "आप्पांपेक्षा पोरीचा हात हलका हाय."

काकीने वाटी उचलली. काठोकाठ भरलेली होती, तशीच. ती तिने एक थेंब न सांडता अंगणात नेली आणि तुळशीला घातली. मी कुंचला पिशवीत टाकला आणि आम्ही नऊची गाडी पकडली.